गोळी आणि घाट

लांब पल्ला धावणाऱ्यांच्या पिशवीत हल्ली एक लहानशी डबी असतेच. तीत व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, कधी ग्रीन टीचा अर्क, कधी नुसतंच ‘अँटिऑक्सिडंट’ असं लिहिलेली कॅप्सूल. डबीमागचा हिशेब सोपा आहे. धावताना ऑक्सिजन जास्त लागतो, त्यातून फ्री रॅडिकल तयार होतात, ते पेशींची नासधूस करतात, म्हणून त्यांना आवरणारं काहीतरी पोटात जायला हवं. यातली पहिली तीन विधानं बरीचशी खरी आहेत. चौथ्यावरून मात्र गेली पंधरा-वीस वर्षं शास्त्रज्ञांत वाद चालू आहे आणि तो मिटलेला नाही.

तो वाद इथे एका घरात आणून बसवला आहे. मामा साताऱ्यात पोरांना पळवतात. शाळेतली पी.टी.ची नोकरी संपली, पण शिट्टी सुटली नाही. त्यांच्याकडे भरतीची तयारी करणारे असतात, तसे मॅरेथॉनचं वेड लागलेलेही. भाची पुण्यात जीवरसायनशास्त्रात संशोधन करते. दोघंही रचलेली माणसं आहेत. त्यांनी सांगितलेले प्रयोग रचलेले नाहीत. माझा कल भाचीकडे आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मामांवर अन्याय होतोय का, यावर वाचकाला नजर ठेवता येईल.

भाची : मामा, तुम्ही पोरांना रोज हजार मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी देता म्हणे.

मामा : देतो. वर व्हिटॅमिन ईची चारशेची कॅप्सूल. जूनपासून मुंबईची मॅरेथॉन होईपर्यंत. लपवायचं काय त्यात? मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं आणि डोपिंगच्या यादीत नाही.

भाची : पण कशासाठी?

मामा : अगं, हे तू मला विचारतेस? तुमच्याच शास्त्राने सांगितलं ना आम्हाला. पोरगं यवतेश्वरचा घाट जोरात चढतं तेव्हा बसल्या जागी लागतो त्याच्या दहा-पंधरा पट ऑक्सिजन ओढतं. त्यातला दोन ते पाच टक्के वाया जाऊन त्याचं सुपरऑक्साइड होतं. म्हणजे घाट जेवढा मोठा, तेवढा आतला कचरा मोठा. मी तो झाडून काढतो, एवढंच.

भाची : तो दोन ते पाच टक्क्यांचा आकडा जुन्या प्रयोगांतून आलाय. मायटोकॉन्ड्रिया पेशीतून बाहेर काढून, भरपूर ऑक्सिजन देऊन केलेली मोजमापं होती ती. नंतर जास्त काळजीने मोजलं तेव्हा आकडा ०.१५ टक्क्याच्या आसपास आला. आणि गंमत अशी, की स्नायू जोरात काम करतो तेव्हा मायटोकॉन्ड्रियातून होणारी गळती वाढत नाही, उलट कमी होते. धावताना जे सुपरऑक्साइड तयार होतं त्यातलं बरंचसं एनएडीपीएच ऑक्सिडेज नावाच्या एन्झाइममुळे होतं.

मामा : एन्झाइममुळे? म्हणजे शरीर मुद्दाम तयार करतं?

भाची : त्या एन्झाइमचं तेच काम आहे.

मामा : बरं. पण कुठूनही येईना, येतं ना? बर्कलेचा १९८२चा प्रयोग तूच मला वाचायला दिला होतास. उंदरांना दमून पडेपर्यंत पळवलं, मग स्नायू आणि यकृत तपासलं, तर फ्री रॅडिकल दुप्पट-तिप्पट. ज्यांच्या खाण्यातून व्हिटॅमिन ई काढून टाकलं होतं, त्यांचा दमसास चाळीस टक्क्यांनी कमी. यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे?

भाची : तुम्ही त्यातलं अर्धंच लक्षात ठेवलंत. केल्व्हिन डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच लेखात एक शंका मांडली होती. नियमित सरावाने स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया वाढतात. त्या वाढीला चालना कदाचित हे फ्री रॅडिकलच देत असतील. या शंकेकडे पुढे कितीतरी वर्षं फारसं कुणी बघितलं नाही. नासधुशीचा भाग मात्र सगळ्यांनी उचलला.

मामा : आणि व्हिटॅमिन ई काढलेले उंदीर लवकर दमले, त्याचं काय?

भाची : ती कमतरता होती. जे कमी आहे ते भरून काढणं आणि जे पुरेसं आहे त्याच्यावर दहापट ओतणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मामा : पुढे बोल.

भाची : आधी शरीराची स्वतःची व्यवस्था बघा. सुपरऑक्साइड तयार झालं की त्याला पहिलं गाठतं ते सुपरऑक्साइड डिसम्युटेज. जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ साली हे एन्झाइम ओळखलं. त्याचं एक रूप पेशीद्रवात असतं, त्याला तांबं आणि जस्त लागतं. दुसरं मायटोकॉन्ड्रियाच्या आत, त्याला मँगनीज लागतं. दोन्ही रूपं सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतात. पुढे पेरॉक्साइडचं पाणी करायला दोघं आहेत. एक कॅटालेज, ज्याच्या पोटात लोह असतं. दुसरं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, ज्याला सेलेनियम लागतं.

मामा : लोह म्हणालीस. हे मी लक्षात ठेवतो, पुढे उपयोगी पडणार आहे.

भाची : ठेवा. कॅटालेजचा एक रेणू एका सेकंदात पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो आणि तरी तसाच शाबूत राहतो. व्हिटॅमिन सीचा रेणू भिडला की खर्च होतो, मग त्याला पुन्हा उभं करायला पेशीतलं ग्लुटाथायोन नावाचं दुसरं अँटिऑक्सिडंट खर्ची पडतं. म्हणजे संरक्षणाचा खरा भार एन्झाइमांवर आहे. आणि एन्झाइम गोळीतून मिळत नाहीत. पोटात गेली तर पचून जातील. ती पेशीला घडवावी लागतात.

मामा : पळून ती वाढतात, असं म्हणायचंय तुला.

भाची : वाढतात. काही आठवडे नियमित पळवलं की काम केलेल्या स्नायूंमध्ये मँगनीजवालं डिसम्युटेज वाढलेलं बहुतेक प्रयोगांत दिसतं. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजही वाढतं. कॅटालेजबद्दल मात्र एकमत नाही. कुठे वाढलं, कुठे तसंच राहिलं, कुठे थोडं घटलंसुद्धा. पळणं सोडलं की वाढलेलं हळूहळू पूर्वपदावर येतं. साठवून ठेवायची सोय नाही.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, कारण खेळाडूंच्या रक्ततपासणीत तिने बराच गोंधळ घातला आहे. एक मोठी शर्यत आणि महिनोन्‌महिन्यांचा सराव यांचे परिणाम उलट दिशांचे असतात. शर्यत संपल्याबरोबर रक्त घेतलं तर ग्लुटाथायोनचा बराच भाग ऑक्सिडीकृत झालेला दिसतो आणि चरबीच्या नासाडीची चिन्हं वर गेलेली असतात. विश्रांतीच्या दिवशी त्याच खेळाडूचा स्नायू तपासला तर न पळणाऱ्या माणसापेक्षा त्याची एन्झाइमं जास्त निघतात. पहिलं बघून ‘धावणं घातक’ म्हणता येतं, दुसरं बघून ‘धावणं अमृत’. दोन्ही मथळे मी वाचले आहेत. नमुना कधी घेतला, हे दोन्हीकडे बातमीत नव्हतं.

मामा : ठीक आहे, एन्झाइमं वाढतात. मग माझी गोळी त्यांच्या आड कुठे येते? ती तिचं काम करेल, एन्झाइमं त्यांचं करतील.

भाची : एन्झाइम वाढवायचं हे पेशीला कळतं कसं, तिथे ती आड येते. पेशीत एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन आहे. एरवी कीप-१ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि ते मोडीत निघत राहतं. पेरॉक्साइड वाढलं की कीप-१ वरचे गंधकाचे काही ठिपके ऑक्सिडीकृत होतात, पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात जातं आणि संरक्षणाची जनुकं चालू करतं. असे आणखी मार्ग आहेत. मायटोकॉन्ड्रिया वाढवणारं पीजीसी-१ आल्फा हेही अशाच इशाऱ्यांना दाद देतं. म्हणजे पेरॉक्साइड हा निरोप आहे. रात्री गुरखा शिट्टी वाजवत फिरतो. झोपमोड होते म्हणून तुम्ही शिट्टीच काढून घेतलीत तर—

मामा : गुरख्याला राहू दे. माणसांवर केलेलं सांग.

भाची : जर्मनीत येना विद्यापीठात मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग, २००९ साली प्रसिद्ध झाला. चाळीसेक तरुण, चार आठवडे कसून व्यायाम. निम्म्यांना रोज हजार मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि चारशे युनिट ई.

मामा : माझंच प्रमाण.

भाची : अगदी तुमचंच. ज्यांना गोळी नव्हती त्यांच्या स्नायूंत डिसम्युटेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजची जनुकं जोमाने चालू झाली आणि इन्शुलिनला मिळणारी दाद सुधारली. गोळीवाल्यांत यातलं काही झालं नाही. व्यायाम तोच, घाम तोच.

मामा : इन्शुलिन. मधुमेहाच्या डॉक्टरांना सांग हे. माझ्या पोरांना दहा किलोमीटरची वेळ कमी करायची आहे.

भाची : त्याच्या आदल्या वर्षी, २००८ साली, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या गटाने उंदरांवर आणि माणसांवर व्हिटॅमिन सीचा प्रयोग केला होता. नुसता सराव केलेले उंदीर आधीपेक्षा कितीतरी जास्त वेळ पळायला लागले. सराव अधिक व्हिटॅमिन सी मिळालेल्या उंदरांत ती वाढ अगदीच थोडी.

मामा : आणि माणसांत?

भाची : माणसांत... दोन गटांतला फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही.

मामा : हां!

भाची : माणसं मोजकीच होती, मामा. म्हणून ओस्लोचा प्रयोग बघा. २०१४ साली प्रसिद्ध झाला. गोरान पॉल्सेन आणि त्यांचे सहकारी. चौपन्न तरुण-तरुणी, अकरा आठवडे, धावण्याचा सराव, रोज हजार मिलिग्रॅम सी आणि दोनशे पस्तीस मिलिग्रॅम ई. मांडीच्या स्नायूचे तुकडे काढून तपासले. मायटोकॉन्ड्रियाचं कॉक्स-४ नावाचं प्रथिन गोळी न घेणाऱ्यांत वाढलं, गोळीवाल्यांत वाढलं नाही.

मामा : आणि पळण्याची चाचणी?

भाची : ...दोन्ही गटांत सारखीच सुधारली. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दोन्हीकडे साधारण आठ टक्क्यांनी वाढली.

मामा : मग झालं तर! तू मांडीतून मांस काढून प्रथिन मोजतेस, मी घड्याळ मोजतो. शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर कॉक्स-४ कुणी विचारत नाही. गोळीने माझ्या पोरांची सुधारणा अडली असं तुझ्याच सगळ्यात मोठ्या प्रयोगात दिसलं नाही.

मामांचा हा मुद्दा मी टाळून पुढे जाणार नाही, कारण तो खरा आहे. अँटिऑक्सिडंटच्या विरोधात लिहिणारे ‘गोळ्या सरावाची माती करतात’ असं धडाधड लिहितात. मोजमापांतून जे निघतं ते यापेक्षा बरंच लहान आहे. मोठ्या मात्रेत सी आणि ई घेतल्यावर स्नायूतल्या काही रेणूंची सरावाला मिळणारी दाद काही प्रयोगांत मंदावते. काही प्रयोगांत तेवढंही दिसत नाही. धावण्याच्या वेळेवर अकरा-बारा आठवड्यांत त्याचा ठसा उमटलेला नाही. पाच वर्षं रोज गोळी आणि रोज सराव असं चालवलं तर काय होईल, हे अकरा आठवड्यांच्या प्रयोगातून ना मामांना काढता येतं ना भाचीला. पण फायदा दिसत नाही आणि आतला निरोप मंदावल्याची शंका आहे, एवढ्यावर मी तरी पैसे घालणार नाही. मामा घालतात, आणि त्यांची कारणं वेगळी आहेत.

भाची : बरं, घड्याळावर तुमचं म्हणणं मान्य. पण मग देता कशासाठी? घड्याळ तुमच्याही बाजूने बोलत नाही.

मामा : त्याआधी मला एक सांग. मघाशी तू म्हणालीस की एन्झाइमापुढे गोळी म्हणजे काहीच नाही. एक रेणू एकाला भिडतो आणि संपतो.

भाची : हो.

मामा : आणि हजार मिलिग्रॅम घेतलं तरी रक्तात सगळं राहत नाही ना?

भाची : नाही. दिवसाला चारशेच्या पुढे गेलं की रक्तातलं प्रमाण फारसं वाढत नाही. उरलेलं लघवीवाटे जातं.

मामा : मग अशी दुबळी गोळी तुझा तो एवढा मोठा निरोप अडवते कशी? ती कचरा काढायलाही निकामी आणि निरोप अडवायला मात्र समर्थ? दोन्हीतलं एक काहीतरी धर बाई.

भाची : हा प्रश्न तुम्ही कुठून काढलात?

मामा : घाटातून. उतरताना वेळ असतो विचार करायला.

भाची : हा आमच्याकडेही भांडणाचाच विषय आहे. व्हिटॅमिन सी पेरॉक्साइडला फार सावकाश भिडतं, हे खरंय. ई पेशीच्या पडद्यात बसून चरबीच्या नासाडीची साखळी तोडतं. तो मार्ग वेगळा, आणि त्या साखळीतून निघणारे तुकडेही निरोपाचं काम करतात. त्यामुळे अडथळा तिथून येत असेल. पण ‘गोळीने पेरॉक्साइड पुसून टाकलं’ असं सरळसोट चित्र टिकत नाही. म्हणूनच निकाल असे विस्कळीत आहेत. डेन्मार्कमध्ये, आणि उंदरांवर दुसरीकडेही, सी आणि ई देऊन सरावाच्या परिणामांत काहीच फरक पडला नाही असे प्रयोग झालेत.

मामा : ते तू मला आधी नाही सांगितलंस.

भाची : आता सांगितलं ना. पण तुम्ही माझ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही. देता कशासाठी?

मामा : सर्दीसाठी.

भाची : सर्दीसाठी?

मामा : हस मग. घाटात सप्टेंबरची शर्यत म्हणजे पाऊस, धुकं, वारं. पोरं ओल्या बनियनवर उभी राहतात. आठवड्याला शंभर किलोमीटर पळणाऱ्या पोराला एक सर्दी झाली की दहा दिवस गेले, खोकला छातीत उतरला की महिना. तुझ्या कॉक्स-४ ने जे जाईल त्याच्या कितीतरी पट या दहा दिवसांनी जातं. आणि याला पुरावा आहे. दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्सची शर्यत असते, डर्बन ते पीटरमॅरिट्झबर्ग, नव्वदेक किलोमीटर. आपल्याकडची बरीच मंडळी जातात हल्ली. तिथे १९९३ साली प्रसिद्ध झालेलं काम. शर्यतीआधी एकवीस दिवस रोज सहाशे मिलिग्रॅम सी. शर्यतीनंतरच्या पंधरवड्यात नुसती खोटी गोळी मिळालेल्यांपैकी अडुसष्ट टक्क्यांना सर्दी-घशाचा त्रास, सी घेणाऱ्यांपैकी तेहतीस टक्क्यांना.

भाची : हे मला मान्यच आहे. असे प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या आढाव्यातही तेच निघतं. सर्वसाधारण माणसाने रोज सी घेतलं तरी सर्दी व्हायची ती होतेच. पण मॅरेथॉन धावणारे, बर्फावर स्कीइंग करणारे, कडाक्याच्या थंडीतले सैनिक अशा पाच प्रयोगांत, सगळे मिळून ५९८ जण, सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं.

मामा : मग वाद कुठे उरला?

भाची : मात्रेत आणि वेळेत. तुमच्याच प्रयोगात सहाशे होतं, हजार नव्हतं. एकवीस दिवस होते, आठ महिने नव्हते. आणि त्या निकालाचं श्रेय व्हिटॅमिन सीला आहे, ईला नाही. तुम्ही जून ते जानेवारी दोन्ही चारता. सरावाचे महिने हे शरीराला शिकवायचे असतात. त्या काळात थोडा त्रास झालेलाच बरा. शर्यतीचा पंधरवडा शिकायचा नसतो. व्हॅलेन्सियाच्याच गटाने हे फार सुरेख दाखवलंय. २००३ साली त्यांनी टूर द फ्रान्सच्या सायकलपटूंना ॲलोप्युरिनॉल दिलं.

मामा : ते तर संधिवाताचं औषध. गाउटचं.

भाची : तेच. फ्री रॅडिकल तयार करणारं झँथिन ऑक्सिडेज ते बंद पाडतं. सायकलपटूंच्या स्नायूंची हानी कमी दिसली. शर्यतीपुरतं बघितलं तर फायदाच की. दोनच वर्षांनी त्याच गटाने तेच औषध उंदरांना दिलं, तर व्यायामानंतर मँगनीजवालं डिसम्युटेज वाढायचं ते वाढेना. औषध एक, प्रयोगशाळा एक. प्रश्न फक्त कधी, एवढाच. तुम्ही पोरांना ॲलोप्युरिनॉल देऊ नका, म्हणजे झालं. त्या औषधाने कातडीवर जीवघेण्या प्रतिक्रिया येऊ शकतात.

मामा : एवढा अडाणी नाही मी. पण हे मला पटतंय. सरावात नको, शर्यतीला चालेल.

भाची : आणि खाण्यातून कधीही. पेरूच्या शंभर ग्रॅममध्ये दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास सी असतं, आणि रोजची गरज आपल्याकडे पुरुषाला ऐंशी, बाईला पासष्ट मिलिग्रॅम धरतात. आवळा आहे, शेवग्याचा पाला आहे. एका पेरूने निरोप अडल्याचं कुणी दाखवलेलं नाही.

मामा : पोरं पेरू खातात. गोळीही खातात. गोळी खाल्ली की त्यांना वाटतं आपल्यासाठी काहीतरी केलं जातंय. हेही मोज कधीतरी. बरं, नुकसान तरी नाही ना?

भाची : ‘नुकसान नाही’ हे गृहीत धरू नका. फिनलंडमध्ये एकोणतीस हजार विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल १९९४ साली आला. बीटा कॅरोटीन देऊन फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. अठरा टक्के वाढला.

मामा : माझी पोरं विडी ओढत नाहीत, आणि मी बीटा कॅरोटीन देत नाही.

भाची : खरंय. तो दाखला तुमच्या पोरांना लागू नाही. पण ती गोळीही निरुपद्रवीच मानली जात होती.

मामा : आता माझं लोह. तू म्हणालीस कॅटालेजला लोह लागतं. मुली येतात माझ्याकडे. चौदा-पंधरा वर्षांच्या. पाळी सुरू झालेली, घरी मटण सणावारी, आणि आठवड्याला साठ किलोमीटर पळणं. माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर रिओच्या ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेजच्या अंतिम फेरीत पळाली, ते बघून येतात. डोळ्यांखाली पांढऱ्याफटक. त्यांना मी तुझ्या फ्री रॅडिकलचं सांगू की हिमोग्लोबिनचं?

भाची : हिमोग्लोबिनचं. आणि नुसतं हिमोग्लोबिन नाही, फेरिटिन तपासा. लोहाचा साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर पडतं. पण लोहाच्या गोळ्या सगळ्यांना सरसकट वाटू नका. मोकळं लोह पेरॉक्साइडशी भिडलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, आणि त्याच्यासाठी शरीराकडे एकही एन्झाइम नाही. कमी असेल तिथे लोह औषध आहे, पुरेसं असेल तिथे नाही.

मामा : म्हणजे सगळीकडे तोच नियम. आधी तपास, मग दे.

भाची : ग्रीसमध्ये एका गटाने नेमकं हेच केलंय. ज्यांचं व्हिटॅमिन सी मुळातच कमी होतं त्यांना सी दिलं, तेव्हा त्यांची क्षमता सुधारली. ज्यांचं ग्लुटाथायोन कमी त्यांना ते वाढवणारं ॲसिटिलसिस्टीन दिलं, तर तेही सुधारले. ज्यांचं पुरेसं होतं त्यांना फायदा झाला नाही.

मामा : मग मी पोरांची ‘टोटल अँटिऑक्सिडंट’ तपासणी करून घेतो. एका लॅबवाल्याने सांगितलंय, स्वस्तात करतो म्हणाला. गेल्या वर्षी एकाची केली होती शर्यतीनंतर. वाढलेली आली. म्हणजे पोरगं एकदम तंदुरुस्त.

भाची : मामा, ती तपासणी नको. त्या आकड्यात सगळ्यात मोठा वाटा युरिक ॲसिडचा असतो. जोरात पळल्यावर स्नायूत एटीपी मोडतं, त्याचे तुकडे शेवटी युरिक ॲसिड होतात आणि रक्तात येतात. आकडा वाढतो. वर घाम गेल्यामुळे रक्त दाट झालेलं असतं, त्याने आणखी वाढतो. तुमचं पोरगं तंदुरुस्त असेलही. पण तो कागद सांगतोय ते एवढंच, की पोरगं पळून दमलेलं होतं.

मामा : ते मला बिनपैशात दिसत होतं.

भाची : म्हणूनच म्हणते, पैसे फेरिटिनवर घाला.

मामा : चल, सौदा कर. ई बंद. सी जूनपासून नाही. शर्यतीआधी तीन आठवडे, आणि तेही सहाशे. मुलींचं फेरिटिन. पेरू चालू.

भाची : शर्यती किती करता वर्षात?

मामा : सप्टेंबरची घाटातली, डिसेंबरात पुणे, जानेवारीत मुंबई.

भाची : म्हणजे प्रत्येकीआधी तीन आठवडे धरले तर ऐन सरावातले दोन महिने परत गोळीतच जाणार.

मामा : मग घाटाच्या शर्यतीला देतो, कारण पाऊस. मुंबईला देतो, कारण ती महत्त्वाची. पुण्याला नाही. आता खूश?

भाची : चालेल.

मामा : आणि एक पोरगा आहे, त्याचं सांग. माझ्याकडचा सगळ्यात चांगला. कधी आजारी पडत नाही, कधी पाय दुखला म्हणत नाही. सांगेन तेवढं पळतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजा. आणि दोन वर्षं झाली, अर्ध्या मॅरेथॉनची वेळ जागची हललेली नाही.

भाची : तुम्हाला त्याच ग्रीक गटाचं २०१८चं काम सांगते. व्यायामाने ज्यांच्यात ऑक्सिडेशनची खूण जास्त उमटली, त्यांच्यात सहा आठवड्यांच्या सायकलिंगनंतर सुधारणा जास्त दिसली. ज्यांच्यात ती फारशी उमटलीच नाही, त्यांच्यात सुधारणा सगळ्यात कमी.

मामा : म्हणजे त्याला पुरेसा त्रासच होत नाही.

भाची : असं असू शकेल. त्याची गोळी सगळ्यात आधी बंद करा. आणि आठवड्याला एक घाट वाढवा.

मामा : दोन्ही एकदम? मग वेळ सुधारली तर ती कशाने सुधारली, हे तुला सांगता येईल?

भाची : नाही.

मामा : मग आधी गोळी बंद. घाट दिवाळीनंतर.